केमोनंतरची सर्दी: घरी काय करायचं आणि फोन कधी करायचा

प्रश्न थोडक्यात असा: केमोची शेवटची सायकल होऊन तीन आठवडे झालेत, अशक्तपणा अजून आहे, आणि दोन दिवसांपासून नाक गळतंय, घसा खवखवतोय, अधूनमधून खोकला येतोय. ताप नाही. घरात असलेली सर्दीची गोळी घ्यावी का, वाफ-गुळण्या चालतील का, आणि हॉस्पिटल गाठायची वेळ कोणती?

ताप नसेल, धाप लागत नसेल आणि पांढऱ्या पेशी सावरलेल्या असतील, तर अशी सर्दी बहुधा घरीच बरी होते. नाक आणि घसा ७ ते १० दिवसांत ताळ्यावर येतात, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. सर्दी करणारे विषाणू दोनशेहून जास्त आहेत आणि त्यातले बरेचसे केमो संपलेल्या माणसालाही फक्त बेजार करून सोडतात. घोळ होतो तो दुसरीकडे. जी सर्दी नाहीच, तिला सर्दी समजून अंगावर काढलं जातं, किंवा ताप मोजायच्या आधीच तापाची गोळी पोटात गेलेली असते. खालचं बहुतेक सगळं या दोन चुका टाळण्यासाठी आहे.

आधी तारीख, मग काउंट

सर्दी झाली की पहिलं काम म्हणजे शेवटचा डोस कोणत्या तारखेला झाला ते पाहणं. बऱ्याच केमोंमध्ये न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तळाला जातात आणि तीन-चार आठवड्यांत वर येतात. म्हणजे दहाव्या दिवशीची सर्दी आणि तिसाव्या दिवशीची सर्दी यांत फरक आहे, लक्षणं अगदी सारखी असली तरी. तीन आठवडे झाले म्हणजे पेशी वर आल्याच, असं मात्र गृहीत धरू नका. रक्तपेशींचा म्हणजे काउंटचा शेवटचा रिपोर्ट हातात घ्या.

रिपोर्ट वाचताना हमखास एक गफलत होते. न्यूट्रोफिल टक्क्यांत छापलेले असतात. समजा एकूण पांढऱ्या पेशी १२०० आहेत आणि न्यूट्रोफिल ५५ टक्के. हा ५५ आकडा नॉर्मल मर्यादेत बसतो, म्हणून त्याच्यापुढे कुठलीही खूण नसते आणि घरचे निर्धास्त होतात. पण १२०० चे ५५ टक्के म्हणजे ६६०, आणि हा आकडा बराच कमी आहे. टक्के सोडून द्या, गुणाकार करा. १५०० च्या वर असेल तर न्यूट्रोफिलची चिंता नाही. १००० च्या खाली गेला की सावध, आणि ५०० च्या खाली असेल तर सर्दी असो वा नसो, ताप आला की थेट हॉस्पिटल.

पेशी इतक्या कमी असताना लक्षणंही फसवतात. पू, घट्ट पिवळा कफ, घशावरचे पांढरे ठिपके हे सगळं पांढऱ्या पेशींच्या गर्दीमुळेच तयार होतं. पेशीच नसतील तर न्यूमोनिया असूनही कफ जवळजवळ पडत नाही आणि छातीचा पहिला एक्स-रेही स्वच्छ दिसू शकतो. तेव्हा ‘कफ नाही, घसाही स्वच्छ आहे’ यावर या काळात विसंबू नये. अशा वेळी भरवशाचं लक्षण बहुतेकदा ताप हे एकच असतं.

उपचार कोणता झाला यावरही बरंच ठरतं. स्तनाच्या कर्करोगात फक्त टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल चालू असेल तर या गोळ्या प्रतिकारशक्ती कमी करत नाहीत, सर्दी चारचौघांसारखीच हाताळावी. पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब घेणाऱ्यांचे न्यूट्रोफिल मात्र उतरतात. रिटुक्सिमॅबसारखी औषधं घेतलेल्यांत न्यूट्रोफिल छान असले तरी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करणाऱ्या पेशी सहा महिने ते वर्षभर गायब असतात, त्यांची सर्दी लांबते आणि छातीत उतरायची शक्यता जास्त. ल्युकेमिया, मायलोमा (दोन्ही रक्ताचे कर्करोग), बोन मॅरो ट्रान्सप्लांट, आणि रोज स्टिरॉइड चालू असलेले रुग्ण याच गटातले. ट्रान्सप्लांटनंतर, विशेषतः दात्याच्या पेशी दिल्या असतील तर, साध्या सर्दीच्या विषाणूनेही फुप्फुसापर्यंत मजल मारल्याची उदाहरणं नवी नाहीत. या मंडळींनी ताप नसतानाही, नाक गळायला लागल्याच्या पहिल्या दिवशीच आपल्यावर उपचार करणाऱ्या टीमला कळवावं. ज्यांची प्लीहा काढलेली आहे त्यांच्यासाठी नियम आणखी कडक: ताप म्हणजे इमर्जन्सी, पेशी कितीही असोत.

थर्मामीटर आधी, गोळी नंतर

सर्दी आहे तोवर सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहून ठेवा. शिवाय कणकण वाटली, थंडी वाजली, अंग गरम लागलं की तेव्हाही मोजा. दर तासाला मोजण्यात अर्थ नाही, त्याने काळजीच वाढते.

डिजिटल थर्मामीटर जिभेखाली मागच्या बाजूला ठेवायचा, ओठ मिटायचे, बीप होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. नाक चोंदलेलं असेल तर हेच अवघड जातं, आणि तोंडाने श्वास घेतला की आकडा खोटा कमी येतो. तसं होत असेल किंवा तोंड आलं असेल तर काखेत किंवा कानात मोजा. गरम-थंड काही प्यायल्यावर अर्धा तास थांबा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस, म्हणजे जवळपास एक अंश फॅरनहाइट कमी येतो, पण मनाने बेरीज करत बसू नका. जो आकडा दिसला तो आणि कुठे मोजला ते फोनवर सांगा. गुदद्वारात थर्मामीटर घालायचा नाही: तिथलं अस्तर नाजूक झालेलं असतं, बारीक चीर पडली तरी आतड्यातले जंतू रक्तात जातात.

अशा रुग्णात ताप कशाला म्हणायचा याची वैद्यकीय व्याख्या अशी आहे की एकदा १०१ फॅरनहाइट (३८.३ सेल्सिअस) किंवा तासभर टिकलेला १००.४ (३८ सेल्सिअस). घरच्या वापरासाठी याहून सोपा नियम बरा: १००.४ एकदा दिसला की फोन, रात्रीचे दोन का वाजले असेनात. ‘तासाभराने पुन्हा बघू’ म्हणणं समजण्यासारखं आहे, पण तो तास फोनच्या आधी घालवू नका, फोन झाल्यावर जाऊ दे. पेशी खाली असताना जिवाणू रक्तात गेले तर काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून तर अशा रुग्णाला हॉस्पिटलच्या दारात आल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचा दंडक आहे.

पॅरासिटामॉलबद्दल. औषध चांगलं आहे, घ्यायला हरकतही नाही, पण मोजल्याशिवाय नाही. अंग दुखतंय म्हणून सकाळी एक, दुपारी एक घेतली की ताप दबतो आणि आत काय चाललंय ते कळत नाही. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांसारखं स्टिरॉइड चालू असेल तर ताप आधीच दबलेला असतो, त्यांनी ९९.५ आणि सोबत हुडहुडी यालाही ताप मानावं. आणि अंग गार पडलंय, ९६.८ च्या (३६ सेल्सिअस) खाली, शिवाय माणूस गळून गेलाय किंवा बरळतोय, तर तोही जंतुसंसर्गच असू शकतो. औषध देण्यासाठी छातीत पोर्ट किंवा दंडातून लाइन (शिरेत बसवलेली नळी) असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: लाइन फ्लश केल्यानंतर, म्हणजे आतून धुतल्यानंतर, तासाभरात हुडहुडी भरली तर दोष बहुधा सर्दीचा नाही, लाइनमध्ये जंतू बसल्याची शंका घ्यावी.

ही सर्दीच आहे ना?

साध्या सर्दीची चाल ओळखीची असते. आधी घसा, मग शिंका आणि पाणी गळणं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि पिवळा-हिरवा, आणि मागून खोकला. रंग बदलला म्हणजे अँटिबायोटिक लागलं, असं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटू लागलं आणि मग पुन्हा ताप, एका बाजूचा गाल किंवा कपाळ ठणकणं सुरू झालं, किंवा दहा दिवस उलटूनही काडीचा फरक नाही, तर सायनसमध्ये जिवाणू शिरल्याची शंका घ्यावी.

उलट्या बाजूने पाहिलं तर नाक गळतंय पण सर्दी नाही, असंही होतं. पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेलसारख्या केमोत डोक्याच्या केसांबरोबर नाकातले केसही झडतात. पाणी अडवायला आत काही उरत नाही, त्यामुळे जेवताना, वाकल्यावर टपटप पातळ पाणी पडतं, मग आत खपली धरते, ओढली की रक्ताचा ठिपका. घसा दुखत नाही, अंग दुखत नाही. त्यावर सर्दीची गोळी घेतली तर नाक आणखी कोरडं पडून रक्त वाढतं. सलाइनचा स्प्रे आणि पाण्यावर आधारित नेझल जेल पुरतं, केस परत आले की थांबतं. नाकावाटे मेंदूच्या तळाशी शस्त्रक्रिया झालेल्यांचं मात्र वेगळं: एकाच नाकपुडीतून वाकल्यावर स्वच्छ पाणी गळत असेल, खारट लागत असेल, तर ते मेंदूभोवतालचं पाणी असू शकतं. नाक शिंकरू नका, लगेच सर्जनला कळवा.

सगळ्यात जास्त चकवतो तो कोरडा खोकला. नाक कोरडं, घसा ठीक, फक्त ठसका आणि चालताना दम लागतोय, तर सर्दी म्हणून सोडून देऊ नका. छातीवर किंवा स्तनावर रेडिएशन झालं असेल तर एक ते सहा महिन्यांनी फुप्फुसाला त्याची सूज येऊ शकते, अनेकदा हलक्या तापासह. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब यांसारख्या इम्युनोथेरपीत प्रतिकारशक्ती फुप्फुसावरच उलटते, आणि औषध थांबवल्यानंतर महिन्यांनीही हे होतं. ब्लिओमायसिन, एव्हरोलिमस, ट्रॅस्टुझुमॅब-डेरक्सटेकन यांचंही नाव या यादीत आहे. या सुजेवर इलाज स्टिरॉइडचा असतो. आठवडाभर कफ सिरप पीत बसलं तर तेवढा आठवडा वाया जातो. महिनोन्महिने स्टिरॉइड घेणाऱ्यांत न्यूमोसिस्टिस नावाचा न्यूमोनिया असाच, कोरडा खोकला आणि वाढत्या दमाने सुरू होतो. तो होऊ नये म्हणूनच को-ट्रायमॉक्साझोल दिलेलं असतं, ते ‘एवढ्या गोळ्यांत ही कशाला’ म्हणून गाळू नये. अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, एका पायाची पोटरी सुजलेली, असं असेल तर रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची शक्यता. तिथे वाट पाहायची नसते.

ऑक्सिमीटर असेल तर पाच मिनिटं शांत बसून, हात उबदार करून, नेलपॉलिश नसलेल्या बोटाला लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. केमोने नखं काळवंडली किंवा उचलली गेली असतील तर आकडा बेभरवशाचा, दुसरं बोट किंवा कानाची पाळी बघा. ९४ किंवा कमी आला की फोन, ९२ च्या खाली असेल तर थेट निघायचं. हिमोग्लोबिन ७-८ असलेल्या माणसाला ९८ दाखवत असूनही धाप लागते, कारण यंत्र रक्त किती आहे ते मोजत नाही. मला विचाराल तर यंत्रापेक्षा साधी खूण बरी: चार दिवसांपूर्वी जेवढं चालून दम लागत नव्हता, तेवढ्यात आज लागतोय का? बोलताना वाक्य मध्येच तोडावं लागतंय का?

तपासणी लवकर का

पहिल्या एक-दोन दिवसांत कोविड आणि फ्लूची तपासणी करून घ्यावी, कारण या दोघांवर औषध आहे आणि ते लवकर दिलं तरच नीट लागू पडतं. फ्लूसाठी ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत बरं, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्यानंतरही देतात. कोविडमध्ये निर्माट्रेलविर-रिटोनाविर पहिल्या पाच दिवसांत सुरू करावं लागतं. त्यातलं रिटोनाविर यकृतात औषधं मोडण्याचं काम अडवतं, त्यामुळे व्हेनेटोक्लॅक्स, इब्रुटिनिब अशा कॅन्सरच्या गोळ्यांची रक्तातली पातळी धोकादायक चढते. म्हणून हे औषध कॅन्सरच्या डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये. घरच्या किटवर कोविड निगेटिव्ह आला तर ४८ तासांनी पुन्हा करा, एका निगेटिव्हवर विसंबू नका.

आराम पडण्यासाठी

नाकासाठी सलाइन स्प्रे दिवसातून चार-सहा वेळा. नाक धुणार असाल तर पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट केलेलं किंवा निर्जंतुक बाटलीतलं हवं, नळाचं थेट कधीच नको. आयोडीन नसलेलं मीठ तीन चमचे आणि खाण्याचा सोडा एक चमचा एकत्र करून ठेवा, त्यातलं एक चमचा मिश्रण २४० मिलिलिटर पाण्यात. चमचा म्हणजे चहाचा सपाट चमचा. झोंबलं तर मिश्रण कमी घाला. बाटली दर वेळी धुऊन वाळवा. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील, न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील किंवा नाक-सायनसची शस्त्रक्रिया झाली असेल तर धुणं नको, स्प्रेवर भागवा. शिंकरताना एका वेळी एकच नाकपुडी, तोंड किंचित उघडं, जोर कमी. बेव्हासिझुमॅब हे कॅन्सरचं औषध घेणाऱ्यांच्या नाकातून तसंही रक्त येतं. ते आलं तर पुढे वाकून नाकाचा मऊ भाग १० मिनिटं सलग दाबायचा, मध्ये सोडून बघायचं नाही. दोनदा असं करूनही थांबलं नाही तर हॉस्पिटल.

ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिनचे थेंब रात्री झोप लागावी म्हणून चालतात, पण तीन दिवसच. त्यापुढे थेंबांचा असर उतरला की नाक दुप्पट चोंदतं आणि माणूस बाटलीत अडकतो.

वाफेबद्दल लोकांचा विश्वास मोठा आहे, उपयोग मध्यम. त्याने विषाणू मरत नाहीत, शेंबूड सैल होतो इतकंच. केमोने हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा आलेल्यांच्या हातून उकळत्या पाण्याचं भांडं निसटतं, पातळ झालेली त्वचा लगेच पोळते, आणि भाजलेली जागा कमी पेशींत भरत नाही. डोक्यावर टॉवेल घेऊन भांड्यावर वाकण्यापेक्षा बाथरूमचं दार लावून गरम शॉवर सोडा आणि दहा मिनिटं आत बसा. कापूर, निलगिरी, मेंथॉल पाण्यात नको: सुजलेल्या अस्तराला ते झोंबतात.

घशासाठी पेलाभर, म्हणजे २४० मिलिलिटर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या. तोंड आलं असेल तर मीठ एक अष्टमांश चमचा आणि सोडा पाव चमचा, दर तीन-चार तासांनी. मेंथॉलच्या चघळायच्या गोळ्या तोंड आलेलं असताना आग लावतात, आणि अल्कोहोल असलेला माउथवॉश त्याहून वाईट. खोकल्यावर रात्री एक चमचा मध चालतो, पण पेशी खाली असताना पाश्चराइज्डच, कच्चा नको. झोपताना पाठीखाली दोन उश्या घेऊन धड उंच ठेवा, घशामागे उतरणारा शेंबूड कमी त्रास देतो.

पोटाची किंवा छातीची शस्त्रक्रिया ताजी असेल तर खोकला दाबू नका. उशी टाक्यांवर घट्ट धरून खोका. खोकला दाबला की कफ साचतो आणि न्यूमोनिया तिथूनच सुरू होतो. हाडांत आजार पसरलेल्यांना किंवा मायलोमा असलेल्यांना खोकताना बरगडीत अचानक एकाच जागी तीव्र कळ आली तर एक्स-रे लागतो, बरगडी मोडलेली असू शकते. गळ्यावर रेडिएशन झालेल्यांना गिळताना ठसका लागत असेल तर सर्दीच्या दिवसांत अन्न-पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो, बसूनच, छोट्या घोटांनी, सावकाश. श्वासासाठी गळ्याला छिद्र केलेल्यांनी छिद्रावरचं ओलाव्याचं आवरण काढून ठेवू नये, आत सुकलेला कफ श्वास अडवतो.

पाणी दिवसाला साधारण दोन लिटर, हृदय-किडनीसाठी मर्यादा घालून दिली नसेल तर. लघवी फिकट पिवळी आहे तोवर ठीक. जुलाबही चालू असतील तर एवढं पुरणार नाही, टीमला सांगा. दोन-तीन दिवस विश्रांती, पण दिवसभर आडवं पडून राहू नका. दर दोन तासांनी उठून खोलीत चार फेऱ्या आणि दहा खोल श्वास. थकवा सर्दीनंतर एक-दोन आठवडे आधीच्यापेक्षा जास्त जाणवतो, त्याचा अर्थ आजार परतला असा नाही.

गोळ्यांचा डबा

‘सर्दीची गोळी’ ही एक गोळी नसते. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचलं तर आत तीन-चार औषधं सापडतात आणि त्यातलं एक जवळजवळ नेहमी पॅरासिटामॉल असतं. वर अंगदुखीसाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली की हिशेब चुकतो. प्रौढ माणसाला एका वेळी ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास, आणि २४ तासांत निरोगी यकृतालाही ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन ५० किलोच्या खाली, यकृताला सूज किंवा खाणं तुटलेलं असेल तर मर्यादा बरीच खाली येते, आकडा टीमकडून घ्या. वॉर्फरिन घेणाऱ्यांनी सलग चार-पाच दिवस पॅरासिटामॉल घेतली तर रक्त जास्त पातळ होतं, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) करून घ्यावी. माझा सल्ला सरळ आहे: मिश्रणाच्या गोळ्या टाळा, ज्या त्रासावर औषध हवं ते एकेकटं घ्या.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन स्वतःहून नको. प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव होतो, सिसप्लॅटिन झालेल्या किडनीला ते सोसत नाहीत, आणि मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते शरीरात साचून विषबाधा होऊ शकते. हृदयासाठी डॉक्टरांनीच अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर स्वतःहून बंदही करू नका.

नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन रक्तदाब चढवतं. सुनिटिनिब, पाझोपानिब, लेनव्हाटिनिब, बेव्हासिझुमॅब ही कॅन्सरची औषधंही तो चढवतात, दोन्ही एकत्र नकोत. डॉक्सोरुबिसिनने हृदय कमकुवत झालेल्यांनाही नको. तोंडाने घ्यायच्या फेनिलएफ्रिनचा नाक मोकळं व्हायला उपयोगच होत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. तरी ते मिश्रणांत असतंच. क्लोरफेनिरामीनने झोप येते, तोंड आणि कफ सुकतो, बद्धकोष्ठ वाढतं. मॉर्फिन किंवा ट्रामाडोल चालू असेल तर गुंगी धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन नैराश्यावरच्या काही गोळ्यांशी, लिनेझोलिड या अँटिबायोटिकशी आणि प्रोकार्बाझिन या केमोशी जमत नाही.

वनस्पतींची चूर्णं, काढे, प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर यांबाबत मी ठाम आहे: उपचार चालू असताना नको. ‘नैसर्गिक आहे’ हे कारण पुरत नाही. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचं औषध इरिनोटेकान आणि इमॅटिनिब या कॅन्सरच्या औषधांची रक्तातली पातळी खाली आणतं, व्हिटॅमिन सी बोर्टेझोमिबच्या कामात खो घालू शकतं, आणि पेशी खाली असताना जिवंत जंतूंची प्रोबायोटिक कॅप्सूल घेतली तर क्वचित तेच जंतू रक्तात सापडतात. झिंकच्या गोळ्यांनी आधीच बिघडलेली चव आणखी बिघडते, आणि नाकात घालायचं झिंक वासाची जाणीव कायमची घालवू शकतं.

कपाटात उरलेली अँटिबायोटिक्स सर्दीवर चालत नाहीत. वर तीन-चार गोळ्या खाऊन हॉस्पिटलात गेलात तर रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) जंतू उगवत नाहीत आणि नेमकं औषध निवडणं कठीण होतं. उलट, कॅन्सरच्या चालू गोळ्या सर्दी झाली म्हणून आपल्या मनाने थांबवू नका. अपवाद एवढाच की कॅपेसिटाबिनसारखी तोंडाने घ्यायची केमो चालू असताना ताप आला तर पुढचा डोस घेण्याआधी फोन करा. रोज हायड्रोकॉर्टिसोन किंवा बरेच दिवस प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांनी ते एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. तापात त्यांचा डोस सहसा दुप्पट करतात, किती आणि किती दिवस ते आधीच लिहून घ्यावं. उलटीने गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं, त्यात उशीर नको.

फोनवर काय सांगायचं

‘सर्दी झालीय, काय घेऊ?’ असं विचारलं की तिकडून उत्तरही तसंच मोघम येतं. त्याऐवजी ओळीने सांगा: आजार कोणता, शेवटचा उपचार कोणता आणि कोणत्या तारखेला, शेवटचे न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट किती, ताप किती, कुठे आणि किती वाजता मोजला, शेवटची पॅरासिटामॉल कधी, स्टिरॉइड चालू आहे का, पोर्ट किंवा लाइन आहे का, औषधांची अ‍ॅलर्जी. हे कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा, कारण रात्री रुग्ण स्वतः बोलायच्या स्थितीत नसतो आणि फोन घरचं दुसरंच कोणीतरी करतं. दुसऱ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जावं लागलं तर पहिल्या वाक्यात ‘केमो झाली आहे आणि ताप आहे’ हे सांगा, सर्दीचं नंतर. नुसतं ‘सर्दी-ताप’ म्हटलं तर रांगेत बसवतील.

ताप आणि धाप सोडून फोन करायला लावणारी आणखी लक्षणं: दात वाजेपर्यंत हुडहुडी, बरळणं किंवा जास्तच झोप, कफात रक्त, २४ तास पाणीही न टिकणं, मान ताठ होऊन डोकं फुटायची वेळ. लघवी खूप कमी झाली तर तेही सांगा.

घरात सर्दी दुसऱ्याला असेल तर

लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत लक्षणं येतात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडतो. एवढे दिवस शिंकणाऱ्याने वेगळ्या खोलीत झोपावं, जवळ यायचं तर नीट बसणारा मास्क, खिडक्या उघड्या. टॉवेल, पेला वेगळा. सर्दीचा विषाणू दाराच्या कडीवर, रिमोटवर, मोबाइलवर काही तास टिकतो, तिथून हाताला आणि हातातून डोळ्या-नाकात. साबणाने २० सेकंद हात धुणं पुरतं, साबण नसेल तर किमान ६० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर. लहान मुलं दुरावली जातील इतकी कडक बंदी मला पटत नाही. शेंबडं पोर दोन-चार दिवस मांडीवर नको, एवढं पुरे. याउलट, प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णाच्या अंगात सर्दीचा विषाणू काही आठवडे राहू शकतो. तेव्हा बरं वाटल्यावरही वॉर्डात किंवा डे केअरमध्ये मास्क काढू नये.

फ्लूची निष्क्रिय विषाणूची लस रुग्णाने दर वर्षी घ्यावी, जमल्यास केमो सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी, आणि घरातल्या सगळ्यांनीही. नाकात मारायची फ्लूची लस जिवंत असते, ती रुग्णाला नको. बाकीच्या जिवंत लसींसाठी केमोनंतर किमान तीन महिने, आणि रिटुक्सिमॅबसारख्या औषधांनंतर किमान सहा महिने थांबावं लागतं. न्यूमोकोकस (न्यूमोनिया करणारा जिवाणू) लसीबद्दलही विचारून घ्या, अनेकांची ती राहून गेलेली असते.

उपचार अजून चालू असतील तर पुढच्या सायकलच्या आदल्या दिवशी फोन करून सर्दीचं सांगा. लपवू नका, आणि स्वतःच तारीख पुढेही ढकलू नका. ताप नसलेल्या, उतारावर लागलेल्या सर्दीत काउंट चांगले असतील तर पुष्कळदा सायकल ठरल्या दिवशी होते, ताप किंवा छातीत घरघर असेल तर साधारण आठवडाभर पुढे जाते. रेडिएशन मात्र सहसा एका सर्दीपायी थांबवत नाहीत. फक्त खोकल्यामुळे टेबलावर स्थिर पडता येत नसेल तर तंत्रज्ञाला आधी सांगा, ते उबळ येऊन जाईपर्यंत थांबतात. आणि तीन आठवडे उलटूनही खोकला गेला नसेल तर बाकी सगळं ठीक असलं तरी छाती तपासून घ्या.